फॉर्मॅट मारण्याआधी : कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणासाठी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. त्यामुळे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमधला कुठलाही संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. कियोस्कवर समग्र आयडीची ई-केवायसी चालू राहिली, खसऱ्याच्या नकला निघत राहिल्या, वारासिवनी-कटंगीच्या दुकानांत टॅलीची बिलं फाटत राहिली. यंत्र चालतंय म्हटल्यावर कोण कशाला डोकं लावतो? पण अपडेट बंद झालेल्या प्रणालीत यापुढे सापडणारं प्रत्येक भोक उघडंच राहणार आहे. ज्या संगणकावर दिवसभर दुसऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँकखाती उघडली जातात, त्याच्या मालकाने तरी हा विषय टाळू नये.

आमच्याकडे या दुखण्यावर ठरलेला उपाय आहे : ‘फॉर्मॅट मारून द्या.’ दुकानदार पेनड्राइव्ह लावतो आणि संध्याकाळपर्यंत नवी विंडोज, ऑफिस, क्रोम, कृतिदेव फाँट आणि सोबत एक ‘ॲक्टिव्हेटर’ असा सगळा संच घालून देतो. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती हवी, हे ग्राहक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. या निवडीचा इथे आढावा घेतला आहे तो जिल्ह्याच्या गावातल्या माणसाच्या सोयीने. ज्याच्या कंपनीत आयटीचा वेगळा विभाग आहे, त्याचे प्रश्न निराळे.

निवडीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या एका सॉफ्टवेअरवाचून किंवा यंत्रावाचून आपलं काम अडतं? बिघाड झाला तर गावात कोण बघणार? आणि अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? कोणती प्रणाली ‘चांगली’ हा वाद त्यानंतरचा, आणि बहुतेक वेळा तोवर उत्तर मिळालेलं असतं.

विंडोज : सवय, सक्ती आणि परवाना

विंडोजचं खरं बळ तिच्याभोवती जमलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि यंत्रांमध्ये आहे. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांचं कोरलड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाही. कियोस्कवरचं बोटाचा ठसा घेणारं यंत्र ज्या आरडी सर्व्हिस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असते. डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच : विंडोजचा ड्रायव्हर हमखास मिळतो, लिनक्सचा असला तरी आधी खात्री करून घ्यावी लागते. यातल्या एकावर जरी पोट अवलंबून असेल तर तो संगणक विंडोजचाच ठेवावा. तिथे तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नाही.

पण कोणती विंडोज? विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली ती अटी घेऊनच : टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण २०१८नंतरचा प्रोसेसर, म्हणजे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. ४ जीबीवर ती बसते, पण चालवणाऱ्याचा जीव काढते. ८ जीबी आणि एसएसडी हे खरं किमान समजावं. अटींत न बसणाऱ्या यंत्रावरही युक्तीने विंडोज ११ चढवता येते आणि दुकानदार ती हौसेने चढवून देतात. मात्र अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलं आहे. त्यातून २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून फारच जुने प्रोसेसर मुळातच बाद झाले.

विंडोज १०वरच थांबायचं असेल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आहे. तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केल्यास फुकटात, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे अपडेट मिळतात. ही मुदतवाढ नवं यंत्र घेण्याची किंवा दुसरी प्रणाली शिकून घेण्याची उसंत मिळावी म्हणून आहे. तिच्यावर कायमचं विसंबता येणार नाही.

आता ज्याविषयी कोणी बोलत नाही त्या क्रॅकविषयी. ॲक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी पहिली सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. कोणी बनवलं ठाऊक नाही असं एक सॉफ्टवेअर, पहारेकरी बाजूला सारून, प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालवायचं! पुढे त्या यंत्रात कोण येतं-जातं याचा जाब कोणाला विचारणार? शिवाय पकडले जाऊ या भीतीने बरेच जण अपडेटही बंद करून ठेवतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातलं. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेला होता. तडाखा बसला तो ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांना. परवाना विकत घ्यायचा नसेल तर फुकट आणि कायदेशीर असा दुसरा रस्ता आहे. चोरीची विंडोज हा पर्याय धरायचाच नाही.

लिनक्स : जुन्या यंत्राला दुसरा जन्म

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधनं त्याला जोडली गेली आणि त्यातून डेबियन, रेड हॅट, उबुंटू, मिंट अशी घराणी निघाली. नवख्या माणसाला ही नावांची जंत्रीच पहिली घाबरवते. तिच्यात फार शिरू नये. घरच्या डेस्कटॉपसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती, एवढं पुरे. मिंटचा पडदा विंडोज ७ वापरलेल्याला ओळखीचा वाटतो : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंट २२ आणि तिचा पाया असलेली उबुंटू २४.०४ यांना २०२९पर्यंत अपडेट आहेत. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. २ जीबी आणि ३२ बिटचं यंत्र असेल तर मात्र दिवस भरत आले आहेत. उबुंटूने ३२ बिटची साथ केव्हाच सोडली आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मधूनही ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर करायची नवी स्थापना गेली.

एक गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सांगायला विसरतात. दहा वर्षांचा संगणक रखडतो तो बहुतेक वेळा आतल्या फिरत्या हार्डडिस्कमुळे. २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवली तर विंडोज असो वा लिनक्स, यंत्र निम्म्याहून कमी वेळात सुरू होतं. प्रणाली बदलण्याआधी हा खर्च करावा.

लिनक्सवर काय चालतं? क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी आणि ब्राउझरमधून होणारं सगळं. धान खरेदीची ई-उपार्जनवरची नोंदणी, विद्यापीठाचा फॉर्म, रेल्वेचं आरक्षण, जीएसटीचं विवरण ही कामं आता संकेतस्थळांवर होतात. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस येतं. त्यात पत्र, अर्ज, मार्कशीटचा तक्ता सहज होतो. पण वरच्या कार्यालयाकडून आलेली, चौकटी-तक्त्यांनी भरलेली वर्ड फाइल उघडली की ओळी इकडच्या तिकडे होतात. एक्सेलचे मॅक्रो तर बहुधा चालतच नाहीत. ज्याला अशा फाइली रोज परत पाठवायच्या आहेत, त्याने आधी चार खऱ्या फाइली उघडून पाहाव्यात आणि मग ठरवावं.

खरी अडचण येते ती प्रिंटरपाशी. आपल्याकडच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० हा लहानसा लेझर प्रिंटर वर्षानुवर्षं टिकून आहे. पानं मोजत बसू नये इतका तो चिवट. पण छपाईचं बरंचसं गणित तो स्वतः न करता संगणकाकडून करून घेतो आणि त्यासाठी कॅननचा खास कॅप्ट ड्रायव्हर लागतो. लिनक्ससाठी तो ड्रायव्हर निघाला, पण आजच्या आवृत्त्यांवर तो बसवताना नवख्याच्या नाकी नऊ येतात : आज्ञा टंकायच्या, सेवा हाताने चालू करायची, आणि प्रिंटर बंद-चालू केला की कधीकधी पुन्हा तेच. एचपीचा जुना लेझरजेट १०२० घेतला तर एचपीलिप हे सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन एकदा उतरवलं की तो निमूट चालतो. एप्सनचे टाकीवाले इंकजेट आणि ब्रदरचे बरेच प्रिंटर यांना कंपनीचेच लिनक्स ड्रायव्हर मिळतात. म्हणजे ज्या घरात एलबीपी २९०० आहे आणि तो बदलायची तयारी नाही, तिथे लिनक्सचा विषय बहुतेक तिथेच संपतो. निवड अशी टेबलावरच्या एका डब्यावर अडते.

टंकनाचा प्रश्न : कृतिदेव ते इनस्क्रिप्ट

सीमेवरच्या जिल्ह्यात हा मुद्दा दुहेरी आहे. घरात मराठी किंवा पोवारी, कार्यालयात हिंदी. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही परीक्षा द्यायची तर हिंदी टंकनाला रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट हा आराखडा निवडावा लागतो. पलीकडे गोंदियात मुलं मराठी टायपिंगसाठी जीसीसी-टीबीसी या परीक्षेला बसतात. दोन्हीकडच्या टायपिंग क्लासांतले संगणक विंडोजवरच चालतात. परीक्षेची तयारी परीक्षेतल्याच आराखड्यावर आणि प्रणालीवर करावी, कारण एखादी कळ वेगळी लागली तरी वेग पडतो.

रोजच्या लेखनाला मात्र लिनक्स कमी पडत नाही. आयबस या साधनातून हिंदीसाठी इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन, मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे आराखडे जोडता येतात. ज्याने इनस्क्रिप्ट शिकला त्याला भाषा बदलली तरी बोटं बदलावी लागत नाहीत. एनच्या कळीवर ‘ल’ आणि शिफ्ट दाबला की ‘ळ’, हे हिंदी आराखड्यात आणि मराठी आराखड्यात सारखंच. अक्षरांच्या जोडणीचाही जुना त्रास आता राहिलेला नाही. पूर्वी लिनक्सवर ‘ऱ्या’ आणि ‘र्‍हा’ यांची फोड होऊन जायची. हार्फबझसारख्या मुक्त सॉफ्टवेअर-लायब्रऱ्यांनी तो गोंधळ मिटवला. लोहितसारखे मुक्त फाँट आणि भारतीय भाषांतली भाषांतरं यासाठी पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयात बरंच काम झालं, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.

आता कृतिदेव. जुन्या फाइलींचे गठ्ठे त्यात आहेत म्हणून अनेक जण जागचे हलत नाहीत. कृतिदेवच्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना हिंदीचं रूप देतो. फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, मग ते यंत्र विंडोजचं असो वा लिनक्सचं. फाँटची फाइल लिनक्सवर दोनदा क्लिक करून बसवली की तीच फाइल लिबरऑफिसमध्ये हिंदीत दिसते आणि जुन्या सवयीने टंकताही येतं. पण तो मजकूर शोधता येत नाही, मेलमध्ये आणि सरकारी पोर्टलवर चालत नाही. त्यामुळे प्रणाली कोणतीही ठेवा, नवं लेखन युनिकोडमध्ये सुरू करा आणि जुन्या कामाच्या फाइली कन्व्हर्टरने बदलून घ्या. ही दुरुस्ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या निवडीपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

मॅक, क्रोम आणि आपली देशी

मॅकविषयी थोडक्यात. यंत्र टिकाऊ, प्रणाली नीटनेटकी, चित्रपट-संपादन आणि डिझाइनवाल्यांना सोयीची. पण टॅली थेट चालत नाही, रॅम मागाहून वाढवता येत नाही, आणि दुरुस्तीला मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. दुसऱ्या प्रश्नावरच ती बहुतेकांसाठी गळते.

गूगलने २०२२मध्ये आणलेली क्रोमओएस फ्लेक्स जुन्या लॅपटॉपवर फुकट चढते आणि निव्वळ ब्राउझरपुरतं काम असेल तर छान चालते. मात्र तिच्यावर अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत, आणि इंटरनेट गेलं की बरंचसं काम थांबतं. बैहर-परसवाड्याकडच्या शाळेला हा पर्याय देताना आधी तिथल्या नेटवर्कची चौकशी करावी.

सी-डॅकने २००७मध्ये काढलेली बॉस ही डेबियनवर उभी असलेली भारतीय प्रणाली आहे, भारतीय भाषांची सोय हे तिचं वैशिष्ट्य. केंद्र सरकारने २०१५मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेली माया स्वीकारायला घेतल्याच्या बातम्या आल्या. हेतू चांगला आहे. तरीही घरच्या वापराला आज मिंट-उबुंटू सोयीच्या पडतात, कारण अडलं तर उत्तर सांगणारी माणसं त्यांच्याकडे जास्त आहेत.

सर्व्हर : इथे पारडं उलटं

डेस्कटॉपवर लिनक्सला आपली बाजू मांडावी लागते. सर्व्हरच्या खोलीत ती विंडोजला मांडावी लागते. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. संकेतस्थळं आणि क्लाउडचा मोठा भाग तिच्यावरच उभा आहे. कारण व्यवहारी आहे. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो, एका सर्व्हरला किमान सोळा कोअरचा घ्यावाच लागतो, आणि जोडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी कॅल नावाचा वेगळा परवाना लागतो. लिनक्सला हे काही नाही. तिला पडद्यावरची सजावटही लागत नाही, त्यामुळे कमी रॅमवर ती महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते.

जिल्ह्याच्या गावात सर्व्हर कोणाला लागतो? दवाखान्याला, शाळेला, पतसंस्थेला, कॉलेजच्या ग्रंथालयाला. ग्रंथालयासाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर डेबियनवर उत्तम चालतं. कार्यालयात पाच-दहा संगणकांना सामायिक फाइली हव्यात तर जुन्या संगणकावर डेबियन आणि फाइली सामायिक करणारं सांबा बसवून तो फाइल-सर्व्हर करता येतो. साध्या विंडोज डेस्कटॉपवर फोल्डर शेअर करूनही काम भागतं, पण तिथे एका वेळी वीसच जोडण्या चालतात. टॅलीचं बहुवापर काम मात्र विंडोजवरच ठेवावं.

लिनक्स सर्व्हर निवडताना फुकटपणापेक्षा आयुष्य पाहावं. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की ते २०२१अखेर थांबतील, आणि तिच्या भरवशावर बसलेल्यांची तारांबळ उडाली. त्या पोकळीतून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स निघाल्या, त्यांच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दहा वर्षांची साथ आहे. उबुंटू एलटीएसला पाच वर्षांची, आणि उबुंटू प्रोच्या नोंदणीने दहा. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे. विंडोजवाल्यांनीही दिनदर्शिका पाहावी : सर्व्हर २०१२ आर२ची देखभाल ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, २०१६ची जानेवारी २०२७मध्ये संपते.

लिनक्सला धोका नाही, हाही भ्रम काढून टाकावा. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या लहानशा सॉफ्टवेअर-लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा पेरलेला सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका अभियंत्याने खोदून पाहिलं म्हणून तो वेळेत पकडला गेला. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणली. कोणतीही प्रणाली घ्या, बॅकअप आणि अपडेट यांची जबाबदारी आपलीच.

दोन मोठे प्रयोग

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. २०१७मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण, काही विभागांचं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर आणि बदललेलं राजकारण अशी कारणं त्यामागे सांगितली गेली. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स वीस वर्षांच्या आसपास टिकून आहे. तिथे संगणकावर लिनक्स चढवून थांबले नाहीत. पाठ्यपुस्तकं तिच्यावर लिहिली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, आणि काइट ही संस्था स्वतःची आवृत्ती तयार करून अद्ययावत ठेवते. शिकवणारा माणूस शाळेतच असेल तर मुलं कोणतीही प्रणाली शिकतात. आपल्याकडे ही उणीव भरायला मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे पाठ मराठीत आणि हिंदीत फुकट उपलब्ध आहेत. शाळांनी आणि क्लासवाल्यांनी ते जरूर वापरावेत.

तर मग?

कियोस्क, टॅलीचं दुकान, फ्लेक्सवाला : परवान्याची विंडोज ११, यंत्र जुनं असेल तर बदलीची तयारी. विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त माणसं, घरचा दुसरा संगणक : मिंट. शाळेची प्रयोगशाळा : उबुंटू किंवा मिंट, पण शिकवणारं कोणीतरी ठरल्यावरच. सर्व्हर : डेबियन, उबुंटू एलटीएस किंवा अल्मा, आणि विंडोज सर्व्हर फक्त सॉफ्टवेअरने भाग पाडलं तर.

लिनक्स घ्यायची असेल तर आधी चाखून पाहता येते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवा, त्यावरून संगणक सुरू करा आणि हार्डडिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, स्कॅनर आणि प्रिंटर तपासा. चारही चालले तरच पुढे जा. विंडोज ११ असलेल्या यंत्रावर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

आणि दुकानात यंत्र टाकताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा : परवाना आहे का, आणि अपडेट कधीपर्यंत मिळणार? उत्तर नसेल तर फॉर्मॅट मारू देऊ नका.